बाळंतपणाला माहेरी कधी निघू आणि कशी जाऊ?

एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. ते थोडं आवरून देते.

"डॉक्टरताई, नमस्कार. मी डोंबिवलीत राहते, ठाण्याला एका खासगी कंपनीत नोकरी करते. माहेर कुडाळजवळच्या एका गावात आहे. माझी पहिलीच खेप. संक्रांतीला २६ आठवडे पूर्ण झाले. बाळंतपण माहेरी करायचं ठरलंय, पण निघायचं कधी आणि कसं, यावर घरात रोज वेगळं मत ऐकते. सासूबाई म्हणतात, सातवा संपायच्या आत जा, नाहीतर नववा लागल्यावर जा, आठव्यात उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मिस्टर म्हणतात, शुक्रवारी ऑफिस सुटलं की रात्री कार काढू, सकाळी नाश्त्याला कुडाळात. बाबा म्हणतात, रात्रीच्या एसटीने ये, बायकांना अर्धं तिकीट आहे, झोपेत पोचशील. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार खाली आहे असं आलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, पुढे बघू. हिमोग्लोबिन ९.८ आहे. खड्ड्यांच्या धक्क्यांनी बाळाला काही होईल का, या विचाराने मला झोप लागत नाही. कोणाचं ऐकू?"

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सासूबाई, मिस्टर, बाबा, तिघांचं म्हणणं तू सविस्तर लिहिलंस. वार खाली आहे हे मात्र एका ओळीत उरकलंस. माझ्या लेखी तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. निघायची तारीख त्या ओळीवरून ठरेल, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू.

वार, म्हणजे प्लासेंटा, बहुतेकींची गर्भपिशवीच्या वरच्या भागात चिकटलेली असते. तुझी खालच्या बाजूला, पिशवीच्या तोंडाजवळ आहे. विसाव्या आठवड्याला असं दिसणं फार नवलाचं नाही, आणि त्या वेळी खाली दिसलेली वार दहातल्या नऊ जणींची पुढे वर गेलेली दिसते. ती जागची उठून चालत जात नाही. पिशवीचा खालचा भाग शेवटच्या तीन महिन्यांत ताणून मोठा होतो, त्यामुळे वारेची कड तोंडापासून लांब जाते. तुझ्या डॉक्टर 'पुढे बघू' म्हणाल्या त्या याचसाठी. हे 'पुढे' म्हणजे ३२ वा आठवडा. तेव्हा पुन्हा सोनोग्राफी करायची. गरज पडली तर खालून, योनीमार्गातून करतात. त्या तपासणीने बाळाला किंवा वारेला इजा होत नाही, आणि अंतर तीत नीट मोजता येतं. नको म्हणू नकोस.

कड तोंडापासून दोन सेंटिमीटरपेक्षा लांब गेली असेल, तर तू इतर कोणत्याही गरोदर बाईसारखी प्रवास करायला मोकळी. ती जवळच राहिली असेल, किंवा तोंडावरच असेल, तर माहेरी जायचा बेत सोडून द्यायचा. अशा वारेतून रक्त जायला लागतं तेव्हा बहुतेक वेळा आधी काही कळत नाही. पोटात दुखत नाही, कळ येत नाही, बाई बसल्या जागेवरून उठते आणि साडी भिजलेली असते. घरापासून वीस मिनिटांवर ऑपरेशनची सोय आणि रक्तपेढी असेल तर हे निभावतं. महामार्गावर दोन गावांच्या मधे असशील तर नाही. तू आज वाटेवर नाहीस आणि ३२ वा आठवडा यायच्या आत घाईने निघण्याचं कारणही नाही. म्हणून सातवा संपायच्या आत, तपासणी न करताच निघणं मला पटत नाही.

आता सासूबाईंचं आठव्या महिन्याचं. हे मी ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी ऐकते. 'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे, आणि त्यातूनच आठव्यात प्रवास नको हा नियम आला असावा. पण बाळ पोटात जितके दिवस जास्त राहील तितकी त्याची फुप्फुसं, वजन, दूध ओढायची ताकद वाढते. आठव्यात जन्मलेलं बाळ सातव्यातल्या बाळापेक्षा सहसा सशक्तच असतं. राहता राहिला नववा महिना, तर तेव्हा कळा कधीही सुरू होऊ शकतात. पहिली खेप आहे, वाटेत अडकायचं नसेल तर ३५ वा आठवडा उजाडायच्या आत तू कुडाळात पोचलेली असायला हवीस. हिशोब केलास तर ३२ ते ३४ आठवडे म्हणजे आठवाच महिना येतो. सासूबाईंना हे तू सांगू नकोस. पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर घेऊन जा, आणि डॉक्टरांनी पडद्यावर वार दाखवली की त्या बघतील. त्यांच्या मनात तुझ्या बाळाची काळजी आहे. ती काळजी खरी आहे, तिला फक्त नवी माहिती हवी आहे. बाकी ओटी कुठल्या महिन्यात भरायची, कुठे भरायची, हिरवा चुडा कधी, हे सगळं त्यांच्या मनासारखं होऊ दे. ओटीभरण डोंबिवलीत सातव्यात करा आणि प्रवास आठव्यात करा. एकात एक गुंतवायलाच हवं असं नाही.

नोकरीचा हिशोबही याच्याशी जुळतो. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या तारखेआधी घेता येतात. चाळीस वजा आठ, म्हणजे बरोबर ३२. ऑफिसला आत्ताच लेखी कळव.

तू पत्र लिहिलंस संक्रांतीला. तुझा ३२ वा आठवडा फेब्रुवारीच्या शेवटी भरतो, आणि त्याच्या पाठोपाठ शिमगा. कोकणात जाणाऱ्या गाड्यांची त्या दिवसांत काय अवस्था असते हे कुडाळच्या मुलीला मी सांगायला नको. रेल्वेची तिकिटं ६० दिवस आधी सुटतात, म्हणजे तुझ्या तारखांची केव्हाच सुटली आहेत. सोनोग्राफी होईपर्यंत थांबलीस तर वेटिंग लिस्टशिवाय हाती काही लागणार नाही. तिकीट आज काढ. सोनोग्राफीत नको ते दिसलं तर रद्द कर, त्यात थोडे पैसे जातील तर जाऊ देत.

गाडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रेल्वे, आणि दिवसाची. रात्रभर कार चालवायचा बेत मिस्टरांनी मनातून काढून टाकावा. ते दिवसभर काम करून दमलेले असतील, रस्त्याचं काम वर्षानुवर्षं संपत नाही, आणि पहाटे तीन ते पाच ही डुलकी लागायची वेळ. अशा रात्रींनंतरची माणसं माझ्याकडे येतात. मी ज्या तालुक्याच्या गावात बावीस वर्षं प्रॅक्टिस करते, ते महामार्गावरचंच आहे.

आता धक्क्यांची भीती. ती मनातून काढून टाक, कारण ती चुकीच्या जागी आहे. बाळ पाण्याच्या पिशवीत तरंगतं, तिच्याभोवती गर्भपिशवीच्या स्नायूंची जाड भिंत आहे, त्याभोवती तुझ्या पोटाचे स्नायू. रस्ता खराब होता म्हणून बाळ पडलं, असं होत नाही. पाठ दुखेल, कंबर धरेल, मळमळेल, एवढंच. खरी भीती आहे ती करकचून दाबलेल्या ब्रेकची आणि टकरीची. तेव्हा पोट बाहेरून लाल झालेलं नसलं तरी आत वार पिशवीपासून सुटू शकते. म्हणून गाडीला कसलीही टक्कर बसली, तू जिन्यात किंवा फलाटावर पोटावर पडलीस, तर 'मला काही झालं नाही' म्हणून घरी जायचं नाही. दवाखान्यात जाऊन काही तास बाळाचे ठोके बघून घ्यायचे. तुझा रक्तगट पत्रात नाही. तो निगेटिव्ह असेल तर अशा वेळी, आणि थोडं जरी रक्त गेलं तरी, ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावं लागतं. शिवाय निगेटिव्ह रक्त लहान गावात पटकन मिळत नाही, तेव्हा तसं असेल तर कुडाळच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं.

कारमध्ये तू थोडा वेळ बसशीलच, घरून ठाणे स्टेशनपर्यंत आणि उतरल्यावर गावापर्यंत. मागच्या सीटवर बस आणि पट्टा लाव. पोटाला काचेल म्हणून पट्टा न लावणाऱ्या किंवा तो पाठीमागे सरकवून बसणाऱ्या बायका मी रोज बघते. कमरेचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा, मांड्या जिथे कमरेला मिळतात तिथल्या दोन्ही हाडांवरून. खांद्याचा पट्टा दोन स्तनांच्या मधून येऊन पोटाच्या कडेने खाली जाईल. पोटाच्या फुगवट्यावरून कुठलाच पट्टा जायला नको. आज घरी गाडीत बसून एकदा लावून बघ, दोन मिनिटांत सवय होते. स्कूटरवरून, अगदी स्टेशनपर्यंतही, आता नको. तोल जातो.

आता रेल्वे कोणती? ठाण्याहून सकाळी सहाच्या सुमारास निघणारी वंदे भारत पावसाळा सोडून इतर दिवसांत कणकवलीला पाच-सव्वापाच तासांत पोचवते. तिच्यात आडवं होता येत नाही, पण वेळ सगळ्यात कमी. कणकवलीहून कुडाळ गाडीने तासाभरात येतं, बाबा गाडी घेऊन तिथे येतील. सीट आतल्या वाटेकडची घे, खिडकीची नको, म्हणजे कोणाला उठवावं न लागता तुला उठता येईल. आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, तो बघून तारीख निवड. तिचं तिकीट मिळालं नाही तर मांडवी. ती दिवसभराची, वेळ जास्त, पण खालचा बर्थ मिळाला तर पाय पसरून डाव्या कुशीवर पडता येतं, आणि ती थेट कुडाळला थांबते. रेल्वेत खालच्या बर्थचा एक राखीव कोटा असतो, ज्येष्ठ नागरिकांबरोबर गरोदर बायकांनाही त्यातून जागा मिळते. त्यासाठी मोबाइलवर नाही, डॉक्टरांचा दाखला घेऊन तिकीट खिडकीवर जायचं. हे फार कमी जणींना माहीत असतं. कोकणकन्येने रात्री जाऊ नकोस. मधल्या स्टेशनांवर मध्यरात्री काही लागलं तर धावाधाव दिवसाच्या दुप्पट होते, आणि तुझ्या बाबतीत मला ती जोखीम नको.

विमानाने गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरूनही जाता येतं. तासाभराच्या विमान प्रवासाने गरोदर बाईला अपाय होत नाही. पण ठरावीक आठवड्यांनंतर कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात, त्यांचे आठवडे वेगवेगळे असतात, आणि ३६ नंतर बहुतेक जणी घेतच नाहीत. मोप्याहून कुडाळ पुन्हा गाडीने आलंच. तुला यातून फार काही वाचेल असं मला वाटत नाही.

बाबांच्या एसटीबद्दल: अर्ध्या तिकिटाने आपल्या बायकांचं जाणं-येणं किती सोपं झालं, ते मी दवाखान्यात बघते. तपासणीची तारीख चुकवणाऱ्या कमी झाल्या. तालुक्याला जायला, तासा-दीड तासासाठी, एसटीने जरूर जा, फक्त चाकांवरच्या आणि मागच्या सीटवर बसू नकोस, मधल्या भागात बस. पण रात्रभराच्या प्रवासाला नको. हवं तेव्हा उठून चालता येत नाही आणि गाडीत संडास नाही.

या शेवटच्या गोष्टीवर मला थांबायचं आहे, कारण आपल्या बायकांचं प्रवासातलं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. वाटेत जायला जागा नाही म्हणून बायका आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. मीही तेच केलं होतं. पहिल्या खेपेला तिसावा आठवडा होता, मे महिना, कोल्हापूरहून आंबा घाटातून रत्नागिरीला निघाले. मी डॉक्टर होते, रोज बायकांना भरपूर पाणी प्या म्हणून सांगत होते. सकाळी एक कप चहा घेतला आणि मग घोटभरही पाणी नाही. मधे बस थांबली तिथलं स्वच्छतागृह बघून आले आणि तशीच जागेवर येऊन बसले. घरी पोचले तेव्हा ओठ फाटले होते. रात्री दोन वाजता पोट दगडासारखं कडक व्हायला लागलं, दर दहा मिनिटांनी. आई उशाशी बसून घड्याळ बघत होती. पहाटे मला भरती केलं, सलाईन चढवलं, लघवी तपासली तर त्यात जंतुसंसर्ग. त्या दहा-दहा मिनिटांत मी काय काय मनात आणलं असेल ते तुला सांगायला नको. सुदैवाने दुपारपर्यंत कळा थांबल्या, आणि माझी मुलगी पुढे पूर्ण दिवसांची झाली. पण पाणी कमी पडणं आणि लघवी धरून ठेवणं यातून वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात, हे तेव्हापासून मी पुस्तकातलं म्हणून सांगत नाही.

म्हणून तू पाण्याची बाटली हातात ठेव आणि दर अर्ध्या तासाने चार घोट घे. कोकम सरबत, शहाळं, मीठ-साखरेचं लिंबूपाणी, काहीही चालेल. लघवी आली की लगेच जा. गाडीत संडासाकडे जाताना मिस्टरांनी बरोबर यावं, बाहेर उभं राहावं, आणि तू दांडी धरूनच बसायचं-उठायचं. पिशवीत कागदी साबण, जुनी धुतलेली सुती फडकी, दोन सॅनिटरी पॅड आणि जास्तीची सलवार ठेव. पॅड अशासाठी की अंगावरून काही गेलं तर ते पाणी आहे की रक्त, आणि किती, हे पॅडवर कळतं.

लांबच्या बसण्याने पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात वाढलेला असतो. तासातून एकदा उठून डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन ये. बसल्या जागी पावलं वर-खाली, गोल-गोल फिरवत राहा. दोन्ही पाय संध्याकाळी सारखेच सुजले तर घाबरू नकोस. एकच पाय सुजला, पोटरीत दुखायला लागलं, किंवा एकदम दम लागला, तर तो पाय चोळायचा नाही, सरळ दवाखाना.

खायला घरचं ने. दशमी, राजगिऱ्याचा लाडू, भाजलेले शेंगदाणे, केळी. स्टेशनवरची कापलेली फळं आणि चटण्या नकोत. घाटात किंवा गाडीत मळमळत असेल तर उपाशी पोटी बसू नकोस, त्याने ती वाढते. गोळी हवी असेल तर डॉक्टरांकडूनच लिहून घे.

आता हिमोग्लोबिन. ११ च्या खाली असलं की गरोदर बाईला रक्त कमी आहे असं आम्ही म्हणतो. तुझं ९.८ आहे, आणि वार खाली आहे. ही दोन वाक्यं मी मुद्दाम जवळजवळ लिहिते आहे. अंगावरून रक्त गेलंच, तर ज्या बाईच्या अंगात आधीच कमी आहे ती लवकर ढासळते. तुझ्या हातात अजून चार-पाच आठवडे आहेत. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घे. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्या आधी-नंतर दोन तास नको. काळी शी होते म्हणून गोळी बंद करणाऱ्या खूप जणी आहेत, तू करू नकोस, ते व्हायचंच. महिन्याने पुन्हा रक्त तपास. तेव्हाही वाढलं नसेल तर शिरेतून लोह देता येतं, डॉक्टरांना स्वतःहून विचार. निघण्याआधी ते ११ च्या जवळ आलेलं मला बघायला आवडेल.

आणि फाईल. यासाठी तुला एका रात्रीची गोष्ट सांगते. तीन-चार वर्षांपूर्वी रात्री साडेबाराला दवाखान्याची बेल वाजली. मुंबईहून निघालेलं जोडपं, तिला आठवा, वाटेत रक्त जायला लागलेलं. ती बोलायच्या अवस्थेत नव्हती. नवऱ्याला विचारलं, सोनोग्राफीत काय आलं होतं? म्हणाला, सगळं नॉर्मल आहे म्हणाले बहुतेक. फाईल कुठे आहे? डिकीत. मी मोबाइलचा उजेड धरला आणि तो एकेक वस्तू काढून रस्त्यावर ठेवत गेला: दोन बॅगा, मिक्सरचा खोका, बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांचं गाठोडं, तांदळाची गोणी. फाईल सगळ्यात तळाशी, सुटकेसमध्ये साड्यांच्या खाली. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, वार पूर्ण तोंडावर. ते वाचेपर्यंत मी तिला हात लावला नव्हता, कारण अशा बाईला बोटांनी आतून तपासलं तर रक्त आणखी फुटतं. मधे गेलेली बारा मिनिटं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. आई आणि बाळ दोघंही वाचले.

तुझी फाईल तुझ्या खांद्यावरच्या पिशवीत असेल. सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, रक्तगट, रक्त-लघवीचे रिपोर्ट, माता-बाल कार्ड, चालू गोळ्यांची नावं. सगळ्याचे फोटो तुझ्या आणि मिस्टरांच्या मोबाइलमध्ये. आणि वाटेत कुठल्याही दवाखान्यात जावं लागलं तर तोंडातून पहिलं वाक्य हेच निघायला हवं: 'माझी वार खाली आहे, आतून तपासू नका, आधी सोनोग्राफी करा.' हे वाक्य मिस्टरांकडून पाठ करून घे.

वाटेत अंगावरून रक्त गेलं, एकदम पाणी गेलं, पोट दर दहा-पंधरा मिनिटांनी कडक व्हायला लागलं, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा बाळ हलेनासं झालं, तर घर जवळ आलंय म्हणून दम धरायचा नाही. गाडीतल्या टीसीला सांगा, १३९ ला फोन करा, पुढच्या स्टेशनवर डॉक्टर बोलावता येतात. रस्त्यावर असाल तर १०८. बोगद्यांत फोन लागत नाही, तेव्हा शंका आली की लगेच सांगा, खात्री होईपर्यंत थांबू नका. आणखी एक. धावत्या गाडीत बाळाची हालचाल नीट जाणवत नाही, त्यावरून घाबरून जाऊ नकोस. घरी पोचल्यावर काहीतरी खा, डाव्या कुशीवर पड आणि मोज. दोन तासांत दहा वेळा हललं की निश्चिंत हो. तेवढं हललं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही.

कुडाळच्या डॉक्टरांचं नाव तू पत्रात लिहिलं नाहीस, त्यावरून वाटतं ते अजून ठरलेलं नाही. निघण्याआधी ठरव. आईला आत्ताच चौकशीला पाठव: तिथे रात्री सिझेरियन होतं का, भूल देणारे डॉक्टर कितीक वेळात येतात, रक्त कुठून आणतात. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, तुमच्यापासून लांब नाही. फार गुंतागुंत झाली तर सिंधुदुर्गातल्या बायकांना गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेतात, तो रस्ता किती वेळाचा आहे हे बाबांना ठाऊक असू दे. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, मार्चची ९ तारीख तुला सोयीची पडेल. पोचल्यापासून आठवड्याच्या आत नाव घाल.

आणि वार वर गेलीच नाही तर? मग आईने डोंबिवलीला यायचं. बाबांना एकटं ठेवून, गुरं-घर टाकून येणं तिला अवघड आहे, मला कल्पना आहे. पण महिना-दोन महिन्यांसाठी मावशी, आत्या, शेजारची कोणी, तिकडची व्यवस्था बघू शकते. तिकडचं काम दुसऱ्याला देता येतं, तुझी वार दुसरीकडे हलवता येत नाही. हे आईच्या कानावर आजच घाल, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी तिची धांदल होणार नाही, आणि तुलाही आपण काहीतरी हिरावून घेतलं असं वाटणार नाही. आईच्या हातची खीर डोंबिवलीतही तशीच लागेल, आणि बारशाला सगळे कुडाळला जाल.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये वारेची कड पिशवीच्या तोंडापासून किती सेंटिमीटरवर आहे, हा आकडा लिहिलेला असतो. लिहिला नसेल तर मागून घे, आणि हिमोग्लोबिनच्या नव्या आकड्यासोबत मला कळव. तिकीट मात्र आजच काढ.